आधीच फुटलेल्या वस्तूंची यादी

आमच्या गल्लीत अशी अफवा होती, की बाईंकडून वाटीभर साखर उसनी आणली तरी कागदावर सही करावी लागते. ही अफवा धादांत खोटी होती. साखरेला सही लागत नसे. विरजणाला लागायची.

"साखर नेलीस तेवढीच परत येते," बाई सांगायच्या. "विरजणाचं दही होतं. मग तू म्हणणार, दूध माझं होतं. मी म्हणणार, विरजण माझं होतं. आणि दह्याचं ताक होईपर्यंत आपण बोलायचं बंद."

मी हसले होते. तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांची होते, म्हणजे तशी अजाणच.

बाईंनी तीस वर्षं कोर्टाच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली टाइपरायटर मांडून लोकांची भांडणं टाइप केली होती. वाटणीपत्रं, फारकती, नोटिसा, प्रतिज्ञापत्रं. संगणक आले, झाडाखालची टेबलं एकेक करून उठली, तशा बाईही मशीन घेऊन नाशिक रोडच्या आपल्या घरी आल्या. पण सवय काही रिटायर झाली नाही. दूधवाल्याशी करार. इस्त्रीवाल्याशी करार. शेजारच्या घरावर बाईंच्या शेवग्याची फांदी गेली होती, तर पलीकडे लोंबणाऱ्या शेंगा कुणाच्या, पडलेल्या कुणाच्या, आणि काठी लावून पाडलेल्या असतील तर त्या पडलेल्या धरायच्या की पाडलेल्या, हे सगळं दोन प्रतींत लिहिलेलं होतं. आम्ही त्या कागदाची टिंगल करायचो. पण खरं सांगते, त्या अख्ख्या गल्लीत एकमेकींशी धड बोलणाऱ्या शेजारणी त्या दोघीच होत्या.

त्यांचं एक म्हणणं होतं. "भांडण व्हायच्या आधी भांडून घ्यावं. तेव्हा सगळे शुद्धीत असतात आणि चहासुद्धा मिळतो."

दुसरं म्हणणं असं, की प्रत्येक नोटिशीच्या पहिल्या परिच्छेदात संबंध सलोख्याचे असतात. तिसऱ्या परिच्छेदात भांडी फुटतात. "मी तीस वर्षं पाहिलंय. एकही नोटीस अशी नाही आली, की पहिल्यापासूनच आमचं पटत नव्हतं."

टाइप करताना त्या पूर्णविराम इतक्या जोरात मारायच्या, की कागदाला भोक पडायचं. त्यांचा करार उजेडात धरला, की वाक्य कुठे संपलंय ते पलीकडून दिसायचं.

मी त्यांच्याकडे गेले ती खोली भाड्याने घ्यायला. मला घरसफाईचा व्यवसाय सुरू करायचा होता. दिवाळीआधीची सफाई, वास्तुशांतीआधीची सफाई, भाडेकरू सोडून गेल्यावरची सफाई. बादल्या, फडे, शिड्या ठेवायला जागा हवी होती आणि आमचे हे म्हणाले होते, की घरात एक शिडी आली तर मी त्याच शिडीवरून बाहेर पडेन. माझी तयारी मात्र जय्यत होती. फडे घ्यायच्या आधी मी व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली होती. गुलाबी. कोपऱ्यात कमळ.

बाईंनी ते कार्ड नाकाजवळ नेऊन पाहिलं. "कमळ कशाला?"

"स्वच्छतेचं प्रतीक," मी म्हटलं.

"ते चिखलात उगवतं," बाई म्हणाल्या. "बस. भाडेकरार वाचून घे."

त्या भाडेकरारात एक कलम असं होतं, की भाडेकरूने घरमालकिणीला 'कशा आहात' असे विचारल्यास संपूर्ण उत्तर ऐकण्याची तयारी ठेवावी. मी न वाचताच सही केली. त्यापायी पुढे पहिल्याच आठवड्यात मला पाऊण तास त्यांच्या टाचेबद्दल ऐकावं लागलं. मधे उठायला गेले, तर त्यांनी कागद दाखवला.

माझ्याकडे कामाला चौघी होत्या. त्यात कमल पहिली. निफाडकडची, द्राक्षाच्या बागांमध्ये घड विरळणीची कामं करून हाताला विलक्षण हलकेपणा आलेला. मणी न दुखवता घड हाताळणारी बाई ती. काचेचं झुंबर तिच्या हातात दिलं तरी झोपून जाईल. आणि नजर अशी, की दारात उभं राहून सांगायची, "ताई, त्यो नळ गळतोय. ती बरणी तडकल्याली हाय. आन् त्या आरशाच्या मागं पाल हाय, पन ती जित्ती हाय."

पहिल्या दोन महिन्यांतच मला व्यवसाय म्हणजे काय ते कळायला लागलं. एका घरी म्हणाले, तीन खोल्या सांगितल्या होत्या, गच्ची त्यातच आली. एका घरी दुपारी बायकांना डबा खायला जिन्याखाली बसवलं. एका घरी तर लिफ्ट वापरू देईनात. पाचव्या मजल्यावर पाण्याच्या बादल्या जिन्याने. मी प्रत्येक वेळी हसून "असू दे, असू दे" म्हणत होते. मला वाटायचं, यालाच गोडीत धंदा करणं म्हणतात.

बाईंनी एक दिवस मला खिडकीतूनच हाक मारली. "उद्योजिका, इकडे या."

'उद्योजिका' म्हणून अहोजाहो केलं, की समजायचं, आता आपली हजामत आहे.

त्यांनी दोन पानी करार तयार ठेवला होता. कोणत्या खोल्या, किती तास, पाणी कुणाचं, संगमरवरावर अ‍ॅसिड टाकणार नाही, कुणी टाकायला लावलं तर तसं लिहून द्यावं. बायकांना लिफ्ट. बायकांना जेवायला पंख्याखाली जागा. सातवं कलम असं, की आमच्या हातून वस्तू फुटल्यास आम्ही भरपाई देऊ, आणि भरपाई दिल्यावर ती फुटकी वस्तू आमच्या मालकीची होईल.

"फुटकी वस्तू घेऊन मी काय करू?" मी विचारलं.

"ते तू बघ. पैसे दिलेस की वस्तू घ्यायची. नाहीतर तीच फुटकी बरणी दर दिवाळीला नव्याने फुटते."

आणि मग शेवटचं पान. त्याचं शीर्षक होतं, 'आधीच फुटलेल्या वस्तूंची यादी'. काम सुरू करायच्या आधी घरमालकाला बरोबर घेऊन सगळं घर फिरायचं आणि जे जे तडकलेलं, उडालेलं, डागाळलेलं असेल ते लिहून त्यांची सही घ्यायची.

मला घाम फुटला. "बाई, लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या फुटक्या वस्तू मोजायच्या? मी फोनमध्ये फोटो काढून ठेवते ना."

"फोटो सही करत नाही," बाई म्हणाल्या.

पहिली यादी केली ती कॉलेज रोडच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे. ते कागद पाहूनच लाल झाले. "माझ्या घरात फुटलेलं काहीही नाही!" त्यांच्या पत्नी आतून पदर खोचत आल्या आणि त्यांनी उभ्या उभ्या सतरा वस्तू सांगितल्या. शेवटी म्हणाल्या, "आणि ह्यांचा उजवा गुडघा लिहा. तोही आधीचाच आहे." मी लिहिला. प्राध्यापकांनी सही केली. त्या घराचं काम मी पुढे सहा वर्षं केलं.

असं असूनही मला त्या यादीची लाज वाटायची. विशेषतः मोठ्या घरांत. माझं एक होतं. मोठ्या घरात पाऊल टाकलं की मला वाटायचं, मी सफाईला नाही, पाहुणी म्हणून आले आहे. आता आठवलं की माझ्याच गालात एक ठेवून द्यावीशी वाटते.

बाई आता नाहीत. जाण्याआधी त्यांनी आपल्या दहाव्याला कुणी काय बोलायचं नाही याचीही यादी करून ठेवली होती. 'हसतमुख होत्या' हे तिच्यात पहिल्या क्रमांकावर होतं. पण त्यांच्याबद्दल बोलताना मला हत्तीचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

गंगापूर रोडवरचा बंगला होता. मुलाचा साखरपुडा घरीच करायचा, म्हणून दोन दिवसांत सगळं घर लख्ख हवं होतं. मॅडम इतक्या गोड, की मी चपला काढायच्या आधीच त्यांनी मला 'ताई' म्हटलं. बशीसकट कपात कॉफी दिली. वर बदाम. मी कमलला म्हटलं, "तू बादल्या भर," आणि एकटीच मॅडमबरोबर घर पाहायला निघाले. कमल म्हणाली, "ताई, म्या बी येते की, माझी नजर..." मी डोळे वटारले. एवढ्या छान बाईसमोर ही 'नळ गळतोय' म्हणणार, पाल दाखवणार. नकोच ते.

हॉलच्या दाराशी चिनी मातीच्या दोन हत्तींची जोडी होती. गुडघ्याएवढी. निळ्या झुली, सोनेरी सुळे. मी थक्क झाले.

"यादी करायची असते ना तुमची?" मॅडमनी हसून विचारलं. "करा, काय आहे ते लिहा."

आणि मी, त्या पानावर, जिथे 'आधीच फुटलेल्या वस्तू' असं शीर्षक होतं, तिथे लिहिलं:

'घर अतिशय सुंदर व प्रसन्न. सर्व वस्तू उत्तम स्थितीत. हत्तींची जोडी विशेष देखणी.'

खाली सही केली. सहीखाली दोन रेघाही ओढल्या. मॅडमनी पण केली. म्हणाल्या, "किती छान लिहिता हो तुम्ही!" मला वाटलं, चला, बाईंच्या कागदाला आपण जरा माणुसकी दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कमलने हत्ती कोमट पाण्याच्या फडक्याने पुसायला घेतला आणि एकाची सोंड तिच्या हातात आली.

मॅडम धावत आल्या. त्यांचा आवाज इतका बदलला, की मला वाटलं दुसरंच कुणी बोलतंय. "साखरपुडा तोंडावर आलाय आणि बिनसोंडेचा हत्ती दारात? असल्या फुटक्या हाताच्या बाया आणता तुम्ही?"

"म्याडम, म्या नाय फोडला," कमल म्हणाली. "हितं डिंक हाय. पिवळा. जुना. पानी लागलं आन् सुटला."

"डिंक? आमच्या घरात चिकटवलेल्या वस्तू ठेवत नाही आम्ही. ताई, तुम्हीच लिहिलंय ना? उत्तम स्थितीत? विशेष देखणी?"

मी तोंड उघडलं आणि त्यातून काय बाहेर पडलं, तर, "कमल, अगं, चुकून लागला असेल हात."

कमलने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुमी बी?"

एवढंच. फडकं पिळलं, बादलीच्या कडेला वाळत घातलं आणि ती पायरीवर जाऊन बसली.

मॅडम म्हणाल्या, की भरपाई तर हवीच, शिवाय त्या आपल्या सगळ्या मैत्रिणींना सांगणार, ह्या बाईला घरात घेऊ नका. आमच्या धंद्यात बाईचं नाव एका घरातून दुसऱ्या घरात तोंडातोंडीच जातं. एकदा का 'फुटका हात' म्हणून गेलं, की मग कमलसाठी एकही दार उघडणार नव्हतं. तिची मुलगी बारावीला होती. आणि कमलने मला येताना बसमध्ये सांगितलं, "माझा पगार कापा, त्यो हत्ती भरून द्या, कायबी करा. पन म्या फोडला नाय, ह्ये जवर कुनी लिवून देत नाय तवर म्या कामाला येनार नाय. तुमच्याकडं नाय आन् कुनाकडंच नाय."

आम्ही दोघी बाईंसमोर जाऊन उभ्या राहिलो. बाईंनी यादी वाचली. भिंग काढून पुन्हा वाचली.

"ही यादी आहे की लग्नपत्रिका?"

मी खाली मान घालून उभी.

"सही तुझी?"

"हो."

"मग हत्ती उत्तम होता. विषय संपला. भरपाई द्यायची."

"पन बाई," कमल म्हणाली, "डिंक व्हता. म्या पायला."

"तू पाहिलास. हिने लिहिलं. लिहिलेलं मोठं."

"म्हंजी खोटं लिवलं तरी?"

बाईंनी भिंग डब्यात ठेवलं. मशीनवर कापडी आच्छादन घातलं, दोन्ही बाजूंनी सारखं केलं, मग पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. मी त्यांना सहा-सात वर्षं ओळखत होते. उत्तर नाही असं मी तेव्हाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडीत कानाला मफलर गुंडाळून त्या माझ्या दारात. हातात जुनी नऊवारी, कागद आणि कार्बन.

"रिक्षा बोलाव. स्पेशल. कमलला घे."

"कुठे?"

"सातवं कलम. भरपाई द्यायची, हत्ती आणायचा."

"बाई, बिनसोंडेचा हत्ती ठेवायचा कुठे?"

"ते कलमात नाही," बाई म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

बंगल्याच्या बागेत कोवळ्या उन्हात मॅडमचे सासरे मटार सोलत बसले होते. माकडटोपी, अंगावर शाल, ऐंशीच्या पुढचं वय. बाईंनी मॅडमच्या हातात भरपाईचं पाकीट दिलं, पोच म्हणून सही घेतली आणि नऊवारी उलगडली. "कमल, गुंडाळ. सोंड वेगळी घे."

"अहो, हत्ती कशाला नेताय?" मॅडम म्हणाल्या.

"सातवं कलम. तुमची सही आहे."

"न्या बाई, न्या. मला तरी दारात कुठे हवाय तो."

कमलने हत्ती उचलला. तान्ह्या बाळाला धरावं तसा धरून ती फाटकाकडे निघाली. मी मागून सोंड घेऊन. सोंड कशी धरायची ते मला कळेना, म्हणून पर्समध्ये ठेवली, तर ती अर्धी बाहेर आली.

"थांबा! हत्ती कुठे निघाला?" सासरे उठले. मांडीवरचे मटार गवतात.

"बाबा, तुम्ही बसा," मॅडम म्हणाल्या. "त्या बाईने फोडला. भरून दिलाय. त्यांचा झाला तो."

"त्यांचा कसा होईल? जोडी आहे ती! तुझ्या सासूने घेतलीय. एकटा हत्ती दारात काय करेल?"

"त्यांच्याकडे करार आहे, बाबा."

"करार गेला खड्ड्यात! ठेव ग बाई तो खाली. ठेव. तिने नाही फोडला. मी फोडला."

कमल जागच्या जागी थांबली. हत्ती खाली नाही ठेवला, पण थांबली.

"गणपतीच्या वेळी," सासरे शालीत तोंड घालून म्हणाले. "डास मारत होतो. ती रॅकेट असते ना, चट्‌चट् वाजते ती. डास हत्तीवर बसला."

"बाबा!"

"तू माहेरी गेली होतीस. मी धाकट्या नातवाच्या दप्तरातला डिंक घेतला. चांगली बसली होती सोंड. दिवाळीला तर तूच त्याला हार घातलास."

"मग मला सांगायचं ना!"

"तू रागावतेस," सासरे म्हणाले.

मला अचानक बाईंकडे पाहायची भीती वाटली, कारण हसू आलं असतं. बाई मात्र गंभीर. त्यांनी बागेतल्या टेबलावरच्या मटारच्या साली बाजूला केल्या, कागदाखाली कार्बन घातला आणि पेन पुढे केलं. "लिहून द्या."

सासऱ्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. त्यांनी लिहिलं, की सदर हत्तीची सोंड मी डास मारताना फोडली व कुणालाही न सांगता चिकटवली, त्यात कमलबाईंचा काहीही दोष नाही. कमल हत्ती कवटाळून बाजूला उभी होती. "पुरं नाव लिवा," ती म्हणाली. "बापाचं, नवऱ्याचं, आडनाव, समदं." त्यांनी सगळं लिहिलं. साक्षीदार म्हणून मॅडमनी सही केली. त्यांना करावी लागली, कारण बाई पेन पुढे धरून तशाच उभ्या राहिल्या.

"आता तू," बाई मला म्हणाल्या.

"मी कशाची?"

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं: 'घराची यादी करताना मी घर पाहिले नाही, स्तुती केली.' खाली सही. या वेळी रेघा ओढल्या नाहीत.

भरपाईचं पाकीट परत आलं, हत्ती परत गेला. कमलने तो दाराशी नेऊन आपल्या हाताने ठेवला आणि दुसऱ्या हत्तीच्या रेषेत सरळ केला. निघताना सासऱ्यांनी तिला ओंजळभर मटार दिले.

रिक्षात मी बाईंना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का हो, हत्ती निघाला की म्हातारा बोलेल?"

"मला काय माहीत? मी हत्ती आणायला गेले होते. कलमात होता."

"आणि त्यांनी नसतंच कबूल केलं तर?"

"तर आज माझ्या दारात हत्ती असता," बाई म्हणाल्या आणि मफलर कानावर ओढून घेतला. त्या दिवशी त्या खूश होत्या की खट्टू, हे मला आजही सांगता येत नाही. त्यांच्या कागदाने एकदा खोटं बोलून दाखवलं होतं, आणि ते मी त्याच्याकडून वदवून घेतलं होतं.

घरी आल्यावर कमलने तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि बाईंच्या मशीनसमोरच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीत आजवर गिऱ्हाईकच बसायचं.

"म्या उद्या कामाला येते," ती म्हणाली. "पन मला बी करार पायजेल. ताईसंगं."

मी म्हटलं, "अगं कमल, आपल्यात कशाला..."

बाईंनी फक्त माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मशीनला कागद लावला. "बोल, कमल."

"यादी म्या सांगनार. ताईनं निस्ती लिवायची."

टकटक टकटक.

"ताईनं कुनाच्या घरात कॉफी प्यायची नाय. काम व्हईस्तवर."

टकटक.

"आन् ताईनं कुनाच्या घराचं कवतिक करायचं नाय. येक शबुद नाय."

"बाई, हे असं टाइप करता येतं का?" मी विचारलं.

"करते आहे ना," बाई म्हणाल्या.

"कमल, अगं, एखादं छोटंसं? पडदे छान आहेत, एवढंच?"

कमलने विचार केला. खरोखर केला, छताकडे बघून. "सफाई झाल्यावर. त्यांची सही झाल्यावर. चपला घालून फाटकाभाईर गेल्यावर. मंग पडद्याला काय म्हनायचं ते म्हना."

बाईंनी तसंच्या तसं टाइप केलं आणि दोन्ही प्रती माझ्यापुढे सरकवल्या. कमलने आधीच आपली सही कोरून कोरून केली होती. मी पेन हातात घेतलं, मग खाली ठेवलं, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. माझ्या आयुष्यातला हा पहिलाच कागद, जो मी पूर्ण वाचला आणि मग सही केली.